दाबलेला कापूस

२८ नोव्हेंबर २००६, मंगळवार. नेर

शनिवारच्या पानावर मी लिहिलं आहे की आमच्या व्यायामशाळेत शिकवणाऱ्या यज्ञेश्वर सरांनी मला सूट घालायला लावला. ते खरं नाही. सर फक्त म्हणाले होते, "सत्यशीलाचा सूट कपाटात पडला आहे." कपाट मी उघडलं. हात मी पुढे केला. सरांनी लावलं असं लिहिताना मला बरं वाटलं होतं, म्हणून आज ते दुरुस्त करते.

आता सूट म्हणजे काय तेही नीट लिहिते. पॉवरलिफ्टिंगचा सूट काळा, जाड, ताठ कापडाचा असतो. मांडीपासून खांद्यापर्यंत येतो आणि इतका घट्ट की एकटीला घालताच येत नाही. हा सूट सत्यशीलाचा. ती झरी जामणीची. दोन वर्षं इथे सराव करून वनखात्यात लागली आणि जाताना सूट व्यायामशाळेला देऊन गेली. म्हणजे तो माझा नाही, सगळ्यांचा आहे.

गुंजन सरांची पुतणी. सूट चढवायला तीच असते. पडद्यामागच्या खोलीत मी भिंतीला धरून उभी राहते, ती मांड्यांना टाल्कम पावडर लावते आणि इंच इंच ओढते. "श्वास सोड वो! पोटात काय कापूस भरला तुह्या बापानं?" शनिवारी तिच्या बोटाचं नख तुटलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग पट्टे खांद्यावर चढले आणि मी सरळ उभीच राहू शकेना. कोणीतरी मला दोन्ही हातांनी धरून ठेवलंय असं वाटत होतं.

सगळा प्रश्न स्क्वॉटचा आहे. वजन खांद्यावर घेऊन खाली बसायचं आणि उठायचं. छातीवरून ढकलायची आणि जमिनीवरून ओढायची, या बाकी दोन उचलींची मला भीती नाही. उन्हाळ्यात मी ऐंशी किलोखाली अडकले, बार अंगावर आला, गुंजन आणि सरांनी तो उचलला. तेव्हापासून खालच्या त्या जागेची धास्ती आहे. जानेवारीत यवतमाळला निवड चाचणी आहे. छप्पन्न किलो गटातून राज्य स्पर्धेला एकच मुलगी जाणार. मी पंचाहत्तरवर अडून बसले आहे.

मनात सारखं येतं, सूट घालून उठले तर उठलं कोण?

३० नोव्हेंबर, गुरुवार

सरांना विचारलंच. ते तहसीलमध्ये कारकून आहेत. खुर्चीवर नेहमी एका बाजूला कलून बसतात, कारण सूट नव्हते त्या काळात वजन उचलताना त्यांची कंबर गेली.

"सर, सूट घालणं ही लबाडी नाही का?"

"नियमात आहे न? मग लबाडी कायची?"

"पण ताकद सूटाची."

"कोनं सांगतलं तुले? सूट उचलत नाही, दाबते. त्याच्याशी भांडत खाली जा लागते. मधात सोडलं तं तोंडावर पाडते. बिना सूटचा खेळ येगळा, सुटाचा येगळा. पायी जानं अन् सायकलवर जानं. सायकलवाल्याले तू लबाड म्हनतं का?"

गुंजन पडद्यामागून ओरडली, "मी तं पोट आत जाते म्हणून घालतो बा!"

सर हसले. मी हसले नाही. सायकल विकत मिळते, पाय मिळत नाहीत, असं मनात आलं. 

५ डिसेंबर, मंगळवार

सूट मला खाली जाऊ देत नाही. आज पंचाहत्तर किलो घेऊन बसायला गेले तर अर्ध्यातच कापडानं धरून ठेवलं. मांडी गुडघ्याच्या खाली गेली नाही तर पंच लाल दिवा देतात. वजन कमी आहे म्हणून सूट बसू देत नाही, असं सर म्हणतात. ज्याला जास्त वजनाची भीती वाटते त्याला खाली जायला जास्तच वजन लागतं. हे मला फारच उलटं वाटलं.

घरी आले तर मांड्यांवर आणि खांद्यांवर जांभळे वळ. फुफीनं पाहिले. फुफी म्हणजे सुग्राबी, माझ्या अब्बूंची थोरली बहीण. अम्मी गेल्यावर तिनंच मला वाढवलं. आमचं गादीचं दुकान आहे, पुढे दुकान, मागे घर. अब्बू यंत्रावर कापूस पिंजतात, फुफी गाद्या शिवते. तिनं तिळाचं तेल कोमट करून आणलं, वळांवर लावलं. मग मी घरी आणलेला सूट उजेडाकडे धरून शिवण पाहत राहिली.

"इतका तंग कौन सिया? कच्चा दर्जी था क्या?"

"तो असाच असतो, फुफी."

"कपडा आदमी के वास्ते रहता, आदमी कपडे के वास्ते नहीं."

सूटाला घामाचा वास येत होता. ती म्हणाली, ठेव, धुऊन देते.

९ डिसेंबर, शनिवार

फुफीनं सूट थंड पाण्यात धुऊन सावलीत वाळवला. शिवणीचा धागा नव्यासारखा काळा दिसतो. धुतल्यामुळे असेल.

आज मी पहिल्यांदा खाली गेले. ऐंशी किलो. सूटानं मला जाऊ दिलं. खाली गेल्यावर सगळं शांत झालं. पिंजलेल्या कापसाच्या ढिगात तोंड खुपसलं की जसं होतं तसं. गुंजनचा आवाज फार लांबून आला, "ऊठ ऊठ ऊठ!" मी उठले. सरांनी मान डोलावली, पण कपाळाला आठी होती.

सूट मला ओळखायला लागला आहे असं वाटतं. असं लिहिणं बरोबर नाही, कापड कुणाला ओळखत नाही. पण वाटलं, म्हणून लिहिलं.

१३ डिसेंबर, बुधवार

दुपारी लोडशेडिंग. यंत्र थांबलं. फुफीनं भिंतीवरची जुनी धुनकी उतरवली. ते मोठं धनुष्य, त्याच्या ताणलेल्या तातीवर लाकडी मुठिया मारून पूर्वी कापूस पिंजायचे. टंग, टंग, टंग. तात थरथरली की कापूस आपोआप वर येतो आणि दारातल्या उन्हात तरंगत राहतो. मी पडून पाहत होते. डोळा लागला असावा, कारण छपरापर्यंत सगळं पांढरं झालं होतं आणि मी त्यात कुठेही न टेकता उभी होते.

मी शाळेत जायच्या आधी फुफीनं मला याच खोलीत शिकवलं. पिंजलेला कापूस जमिनीवर पसरायचा आणि बोटानं अक्षर काढायचं. अलिफ, मग अ. कापूस हळूहळू फुगायचा आणि अक्षर नाहीसं व्हायचं. नाहीसं व्हायच्या आत वाचून दाखवायचं. आणि तिची ताकीद होती, जे डोळ्यानं पाहिलं नाही ते कापसावरसुद्धा लिहायचं नाही. म्हणून की काय, मी अजून प्रत्येक ओळ दोनदा वाचते.

यंदा लग्नाच्या नवीन गाद्या जवळजवळ नाहीतच. खरेदी केंद्रापुढे कापसाच्या गाड्या उभ्या असतात आणि आमच्या दुकानात जुन्याच गाद्या पिंजायला येतात. आज एक बाई आली होती. माझ्यापेक्षा फार मोठी नसेल. दोघांची गादी घेऊन आली आणि म्हणाली, "एकाची करून द्या." अब्बूंनी का म्हणून विचारलं नाही. कापूस बराच उरेल, परत घेऊन जा, असं मी म्हटलं. ती म्हणाली, "ठेवा तुमच्याजवळच." खोली लहान असेल तिची.

संध्याकाळी फुफीनं तो उरलेला कापूस दुसऱ्या कापसात मिसळला नाही. वेगळा बांधून माळ्यावर ठेवला.

२० डिसेंबर, बुधवार

गुंजन मावसबहिणीच्या लग्नासाठी अमरावतीला गेली, तिथून पुढे परीक्षा. सात तारखेला येईल. सूट कोण चढवणार? सर तर पडद्याच्या आतही येत नाहीत. आम्ही सूट घालून बाहेर आलो की वरून टी-शर्ट ओढलेला असतो. सूटाला त्यांनी कधी हात लावलेला नाही.

म्हणून मी एकटीनं प्रयत्न केला. आणि चढला! थोडी ओढाताण झाली, पण चढला. मला फार आनंद झाला. सर म्हणाले, "एकटीनं? असं होत नसते." मी म्हटलं, झालं खरं.

मी बारीक झाले असणार. काट्यावर पाहिलं तर वजन तेवढंच आहे. कळत नाही.

नव्वद किलो. खाली जाऊन वर. आठवड्यातून एकदा सूट घरी धुवायला आणते. फुफी म्हणते, तू हात लावू नको, तुझे हात घासून खराब झालेत.

२ जानेवारी २००७, मंगळवार

काल बकरी ईद. दिवसभर माणसं. मी मटणाचा एकच तुकडा घेतला, छप्पन्न किलोच्या आत राहायचं आहे. शेजारच्या विमलताई शिरखुर्मा मागायला आल्या. फुफी म्हणाली, "विमल, वो छोटी ईद को. आज बोटी खा." विमलताई शाकाहारी. रिकामी वाटी धरून त्या उभ्या राहिल्या आणि दोघी हसत सुटल्या. शेवटी फुफीनं त्यांना साखर घालून दूध दिलं.

अब्बूंनी एकदाच विचारलं, "यवतमाळ में पंच औरतें हैं क्या?"

"दोन बायका, एक पुरुष."

ते बराच वेळ सुतळी गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "वजन तो उतनाच रहेंगा ना." मी याला होकार समजते.

आज पंच्याण्णव. माझी खात्री झाली की हे सूटाचं काम आहे. सूट नसता तर मी खालीच राहिले असते. चाचणीत पहिली आले तर सरांना सांगणार आहे की नाव माझं लावा, पण मनातून ते सत्यशीलाच्या सूटाचं धरा.

७ जानेवारी, रविवार

आजच लिहिते.

गुंजन आली. मी सूट घालायला उभी राहिले. तिनं नेहमीसारखा पाय भिंतीला लावून सगळा जोर काढून ओढला, आणि सूट एकदम वर आला. ती मागे खडूच्या डब्यावर आदळली. पांढरीफटक झाली.

"अवं हा सूट हाय का गाऊन? कोनाचा आनला?"

"तोच आहे."

तिनं आत दोन बोटं घातली. मग अख्खा हात घातला. मग सूट उलटा केला. दोन्ही बाजूंची शिवण उसवून, कापड सोडून, पुन्हा शिवलेली. बारीक, तिरपा टाका, गादीच्या काठाला असतो तसा. त्या टाक्याशेजारी तशीच अजून दोन ओळींची भोकं. थोडं थोडं करून सोडलेलं. हा टाका मी ओळखते. मी त्याच टाक्याच्या गादीवर झोपते.

गुंजननं सूट पडद्याबाहेर दिला. सरांनी तो पहिल्यांदाच हातात घेतला, खिडकीशी नेला, दोन बोटांनी ताणून पाहिला. 

"पंच्यान्नव किलो तू या ढिल्या कापडात उचलले?"

"मला माहीत नव्हतं, सर."

"काढ थो. कमरेले पट्टा बांध अन् ये."

मी बिनसूटाची उभी राहिले. त्यांनी नव्वद लावले. मी खाली गेले. तिथे कुणी धरलेलं नव्हतं. तरी तीच शांतता होती. उठले.

सर म्हणाले, "नव्वदवर गेल्या वर्षी नंबर लागलता. हे तुहं हाय, पोरी. सूट घालाची गरजच नाही. तशीच उतर यवतमाळले."

गुंजन नाचायला लागली.  मला आनंद झाला असं लिहायला हवं, पण तसं झालं नाही. डिसेंबरची सगळी पानं चुकली होती, आणि चुकताना मी किती काळजीपूर्वक चुकत होते, एवढंच डोक्यात होतं.

८ जानेवारी, सोमवार

फुफीनं नाकारलं नाही. सुईत दोरा ओवत म्हणाली, "हाँ, मैंने खोला. तीन बार."

"तो सूट माझा नाही, फुफी. व्यायामशाळेचा आहे."

"बदन तो तेरा है. वो निशान देखे मैंने. तेरी माँ मेरे हवाले करके गई तेरे को." मग दोऱ्याला गाठ मारत म्हणाली, "कपास को दबा के रखे तो मर जाती, बेटा. इसलिए तो हर साल गादी खोलते."

तिला खरंच वाटत होतं की कुणा नवख्या शिंप्याची चूक ती सुधारते आहे. आयुष्यभर तिनं दबलेलं सोडवलं आहे. मी तिच्यावर रागावू कशी?

यंत्राजवळून अब्बू म्हणाले, "आपा, गठान भी तो कपास ही है."

"तू चुप बैठ. सरकी का नाम सुना, चला तेल बेचने."

पण अब्बू उठून आले. तरुणपणी ते प्रेसिंगमध्ये होते. तिथे कापूस दाबून दाबून त्याच्या गठाणी बांधतात, लोखंडी पट्टीनं. एकदा कुणीतरी पट्टी अचानक कापली आणि कापूस असा उसळला की अब्बू तीन हात लांब जाऊन पडले. "मरी हुई चीज ऐसा नहीं मारती," ते म्हणाले. त्यांना मी इतकं बोलताना फार दिवसांनी ऐकलं.

फुफी म्हणाली, "लेकिन अब तो बिना उसके उठा लेती ना तू? फेक दे."

सरही तेच म्हणतात. ते बरोबर आहे. सूट पूर्वीसारखा घट्ट केला तर निदान एकशे दहा किलो घेतल्याशिवाय तो मला खाली बसू देणार नाही. तेवढं मी कधी खांद्यावर घेतलेलं नाही. चाचणीत तीनच संधी मिळतात. तिन्ही वेळा वर राहिले तर तिन्ही वेळा लाल दिवे आणि नाव बाद. बिनसूटाचे नव्वद आजही माझ्या हातात आहेत. शहाण्या माणसानं ते घ्यावेत.

१२ जानेवारी, शुक्रवार

चार दिवस काही लिहिलं नाही. विचार करत होते, आणि विचार वितळून जात होते.

मी सूटाकडे गेले तेव्हा स्वतःवर विश्वास नव्हता म्हणून गेले. ती लबाडी होती, सूटाची नाही, माझी. आता नव्वद माझे आहेत. त्यात शंका नाही. मग सूटाची गरजच संपली असं सगळे म्हणतात. मला उलट वाटतं. आता कुठे मी सूटाकडे काही न लपवता जाऊ शकते.

आणि दुसरंही आहे. बिनसूटाची खाली गेले तेव्हा मी एकटी गेले. छान वाटलं. पण सूट घालते तेव्हा गुंजनचं तुटलेलं नख, सत्यशीलाचा घाम आणि फुफीच्या सुईची भोकं माझ्याबरोबर खाली येतात. माझ्या हाडांना जे एकट्यानं पेलणार नाही त्याच्याखाली उभं राहून पाहायचं आहे. दोघांची गादी एकाची करून मागणारी ती बाई का आठवते आहे, ते कळत नाही.

मी सूट फुफीच्या पुढ्यात ठेवला. म्हटलं, "जसा होता तसा करून दे. मूळ भोकांवरूनच शीव. चुणी घालू नको, पंच तपासतात."

तिनं भोकांवरून बोट फिरवलं. "निशान पडेंगे."

"पडू दे. तू तेल लाव."

"चढाऊँगी मैं. वो दुबली छोकरी के बस का नहीं."

१६ जानेवारी, मंगळवार

फुफी आज व्यायामशाळेत आली. बुरख्यावर खडूची धूळ. गुंजननं एका बाजूनं, फुफीनं दुसऱ्या बाजूनं ओढलं. गुंजन म्हणाली, "फुफी, तुमच्या हातात पाना हाय का काय!" फुफी म्हणाली, "चालीस साल गादी ओढी मैंने. तू क्या है."

शंभर किलो. खाली गेले, अर्ध्यात अडकले, सूटानं पुढे न जाऊ देता तसंच वर पाठवलं. सर म्हणाले, "उंच." मी फुफीकडे पाहिलं नाही. आता ती म्हणणार, खोल हे, चल घरी.

फुफी भिंतीला टेकून उभी होती. म्हणाली, "वजन कम है, मास्टर. गठान को और दाब लगता."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. मग एकशे दहा लावले.

तेवढं वजन खांद्यावर आलं की आधी घाबरायलाही जागा उरत नाही. मी खाली गेले. कापड भांडलं, मी भांडले. मांडी गुडघ्याखाली गेली हे मला सरांच्या "हां!" वरून कळलं. मग छपरापर्यंत पांढरं, टंग टंग असा आवाज, आणि मी कुठेतरी मध्यभागी. उठता उठता तोल पुढे गेला. सर आणि गुंजन यांनी बार धरला. म्हणजे उचल झाली नाही. हे स्पष्ट लिहिते. गेले, पण पूर्ण उठले नाही.

सर म्हणाले, "अजून येळ हाय. बिना सूटचे नव्वद लिहून टाकू का नावापुढं? काई लाज नाही त्याच्यात."

मी म्हटलं, "नाही सर. पहिली उचल एकशे दहा, सूटात."

"पडलीस तं?"

फुफी माझ्या खांद्यावरचा पट्टा सोडवत होती. तिच्या बोटांचे ठसे माझ्या कातडीवर उमटले होते. ती म्हणाली, "मास्टर, जो देखा नहीं वो कायकू पूछते?"

तिनंच शिकवलं आहे, म्हणून वर येईन की नाही ते इथे लिहीत नाही. ते मी अजून पाहिलेलं नाही. खाली मात्र जाणार आहे, यवतमाळला, पंचांसमोर, रविवारी, एकवीस जानेवारीला.